ओआरएसमधली साखर ताकद येण्यासाठी नसते, मग कशासाठी असते?

घरात कुणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की पहिला फोन मेडिकलवाल्याला जातो. 'ओआरएस द्या' म्हटलं की गेली काही वर्षं काउंटरवर दोन प्रकारच्या गोष्टी यायच्या. एक म्हणजे पावडरचं साधंसं पाकीट. दुसरं म्हणजे फळांची चित्रं असलेला रंगीत टेट्रापॅक, तोही नावात 'ओआरएस' मिरवणारा. बऱ्याचदा दुसराच उचलला जायचा. स्ट्रॉ लावली की काम झालं, पोरगं कुरकुर न करता पितं आणि वर 'गोड आहे म्हणजे अंगात ताकद येईल' असा हिशोब.

गडबड नेमकी याच हिशोबात आहे. ओआरएसमधली साखर ताकदीसाठी घातलेली नसते. ती असते मिठाला आणि पाण्याला शरीरात घेऊन जाण्यासाठी. त्यामुळे ती किती आहे, याला फार महत्त्व आहे. ठरलेल्या प्रमाणात असेल तर जीव वाचतो आणि त्याच्या कितीतरी पट असेल तर जुलाब वाढू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार आजही जगात दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं जुलाबाच्या आजारांनी दगावतात. यातल्या बऱ्याच मुलांचा जीव शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे जातो. म्हणूनच हे छोटं पाकीट काम कसं करतं, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. त्यासाठी शाळेतलं थोडंसं रसायनशास्त्र आणि थोडंसं जीवशास्त्र पुरेसं आहे. चला, समजून घेऊया.

आपल्या आतड्यात रोज किती पाणी येतं?

मोठ्या माणसाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाणी असतो. म्हणजे ६० किलोच्या माणसात जवळपास ३६ लिटर पाणी. लहान बाळांमध्ये हे प्रमाण याहून जास्त असतं.

आपण दिवसभरात खाण्यापिण्यातून साधारण २ लिटर पाणी घेतो. पण आतड्यात येणारं पाणी तेवढंच नसतं. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून आणखी ६ ते ७ लिटर द्रव शरीर स्वतःच आतड्यात ओततं. म्हणजे रोज एकूण ८ ते ९ लिटर.

आणि शौचावाटे बाहेर किती जातं? जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं पाणी आतडं परत शोषून घेतं आणि रक्तात पाठवतं. यातलं बहुतेक काम लहान आतड्यात होतं. त्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे लाखो बारीक उंचवटे असतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. त्यांच्यामुळे शोषणासाठी प्रचंड मोठा पृष्ठभाग तयार होतो.

आता विचार करा, ही परत घेण्याची यंत्रणा बिघडली किंवा आतड्यात येणारं पाणी अचानक वाढलं तर काय होईल? दिवसाला काही लिटर पाणी थेट बाहेर. यालाच आपण जुलाब म्हणतो.

पाणी कुणाच्या मागे जातं?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात त्यांना पाणी सुटतं. उलट बेदाणे साध्या पाण्यात टाकले की ते फुगतात. दोन्हींत घडतं एकच. मध्ये बारीक पडदा असेल आणि त्यातून पाणी जाऊ शकत असेल, पण विरघळलेले कण सहज जाऊ शकत नसतील, तर पाणी जास्त कण असलेल्या बाजूला सरकतं. पाठ्यपुस्तकात याला परासरण म्हणतात.

आतड्याच्या पेशींकडे पाणी खेचणारा वेगळा पंप नसतो. त्या आधी कण आत घेतात, मग त्यांच्यामागे पाणी आपोआप येतं. या कणांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आहे सोडियम.

आपलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ते पाण्यात विरघळलं की त्याचे दोन तुकडे होतात. धनप्रभार असलेला सोडियम आयन आणि ऋणप्रभार असलेला क्लोराइड आयन. सोडियम आतड्यातून पेशीत गेला, पेशीतून रक्तात गेला, की पाणीही त्याच वाटेनं जातं. थोडक्यात, पाणी शरीरात घ्यायचं असेल तर आधी सोडियम आत गेला पाहिजे.

मग जुलाबात नेमकं काय बिघडतं?

याचं सगळ्यात नीट समजलेलं उदाहरण म्हणजे कॉलरा.

कॉलराचे जिवाणू आतड्यात एक विष सोडतात. या विषामुळे आतड्याच्या पेशींमध्ये एक रासायनिक स्विच चालू होतो आणि चालूच राहतो. पेशी क्लोराइड आयन आतड्याच्या पोकळीत ओतत सुटतात. त्यांच्यामागे सोडियम जातो आणि दोघांच्या मागे पाणी. त्याच वेळी मीठ आत घेण्याचा नेहमीचा एक रस्ताही मंदावतो. गंभीर कॉलरात रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. रक्त आटतं, रक्तदाब कोसळतो आणि काही तासांत माणूस जाऊ शकतो.

अशा वेळी नुसतं पाणी पाजलं तर? ते नीट शोषलं जात नाही. शिवाय पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही गेलेलं असतं, ते पाण्यातून भरून निघत नाही. उलट रक्तातलं उरलेलं सोडियम आणखी पातळ होण्याचा धोका असतो.

नुसतं मीठपाणी दिलं तर? मीठ आत घेण्याचा रस्ताच मंदावलेला, त्यामुळे तेही फारसं उपयोगी पडत नाही.

साखरेचं खरं काम इथे सुरू होतं

आतड्याच्या पेशींना सोडियम आत घेण्यासाठी आणखी एक दरवाजा असतो. तो म्हणजे पेशीच्या आवरणातलं 'एसजीएलटी-१' नावाचं प्रथिन. या दरवाजाची अट मजेशीर आहे. सोडियम एकटा आला तर प्रवेश नाही. ग्लुकोज एकटं आलं तरी प्रवेश नाही. दोघं जोडीनं आले तरच दार उघडतं.

सोडियम आणि ग्लुकोज असे जोडीनं आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञानं १९६० मध्ये प्राग इथल्या एका परिषदेत मांडली. पुढच्या काही वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की कॉलराचं विष बाकी गोंधळ घालत असलं, तरी हा दरवाजा शाबूत राहतो. म्हणजे जुलाब चालू असतानाही मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र दिलं, तर सोडियम आत जाणार आणि त्याच्यामागे पाणीही जाणार.

ओआरएसमध्ये साखर आहे ती यासाठी. ती मिठाची सोबत करते.

पाकिटातलं गणित

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये चार घटक असतात.

- ग्लुकोज : १३.५ ग्रॅम
- सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ : २.६ ग्रॅम
- ट्रायसोडियम सायट्रेट : २.९ ग्रॅम
- पोटॅशियम क्लोराइड : १.५ ग्रॅम

एकूण वजन २०.५ ग्रॅम. आकडे विचित्र वाटतात, पण ग्रॅमऐवजी मोलमध्ये मोजलं की गंमत कळते.

डझन म्हणजे १२ वस्तू, तसं मोल म्हणजे सुमारे ६ वर २३ शून्यं इतके कण. पेशीच्या दरवाजाला वजन कळत नाही, तो कण मोजतो. म्हणून इथे मोल कामाचा. (मोलचा हजारावा भाग म्हणजे मिलीमोल.)

ग्लुकोजच्या एका मोलचं वजन १८० ग्रॅम. १३.५ भागिले १८० म्हणजे ०.०७५ मोल, अर्थात ७५ मिलीमोल.

आता सोडियम पाहू. मिठाच्या एका मोलचं वजन ५८.५ ग्रॅम. २.६ भागिले ५८.५ केलं की सुमारे ४५ मिलीमोल सोडियम मिळतं. ट्रायसोडियम सायट्रेटच्या एका मोलचं वजन २९४ ग्रॅम. २.९ ग्रॅममध्ये त्याचे सुमारे १० मिलीमोल बसतात आणि प्रत्येक रेणूत सोडियमचे तीन आयन असतात, म्हणजे आणखी ३० मिलीमोल. एकूण झाले ७५.

ग्लुकोज ७५, सोडियमही ७५. हा योगायोग नाही. ग्लुकोज किमान सोडियमइतकं तरी असावं, हा ओआरएसचा नियमच आहे.

उरलेल्या दोन घटकांचं काय? जुलाबातून पोटॅशियम खूप जातं. स्नायू आणि हृदयाचे ठोके नीट चालायला ते लागतं, म्हणून पोटॅशियम क्लोराइड. जुलाबातून बायकार्बोनेटही जातं आणि रक्त आम्लाकडे झुकतं. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट तयार होतं आणि तोल सावरतो.

साखर जास्त झाली तर काय बिघडतं?

ओआरएसमधले सगळे कण मोजले तर बेरीज अशी होते : ग्लुकोज ७५, सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. एकूण २४५. आपल्या रक्तातल्या कणांचा हाच आकडा साधारण २९० असतो. म्हणजे ओआरएस रक्तापेक्षा थोडं पातळ आहे. परासरणाचा नियम आठवा. पाणी कमी कणांकडून जास्त कणांकडे जातं, म्हणजे इथे आतड्यातून रक्ताकडे. आपल्याला तेच हवंय.

आता लिटरमागे १२० ग्रॅम साखर असलेलं एखादं गोड पेय घ्या. घरातल्या साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, एका मोलचं वजन ३४२ ग्रॅम. १२० भागिले ३४२ म्हणजे सुमारे ३५० मिलीमोल. आतड्यात सुक्रोजचा प्रत्येक रेणू तुटून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतो. झाले ७०० मिलीमोल. रक्ताच्या दुपटीहून जास्त!

इतके कण पटापट शोषले जात नाहीत. ते आतड्यातच राहतात आणि कैरीच्या फोडीतून मिठानं पाणी ओढावं तसं शरीरातलं पाणी आतड्यात ओढतात. जुलाब वाढतात. त्यात सोडियम कमी असेल तर गेलेले क्षारही भरून निघत नाहीत. बाळाला वाटीवाटीनं असं पेय पाजणाऱ्या आईला वाटतं आपण उपचार करतोय, पण प्रत्यक्षात उलटं होत असतं. कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूसलाही हेच लागू आहे.

खुद्द ओआरएसचं सूत्रही याच कारणानं बदललं. जुन्या सूत्रात एकूण कण ३११ होते. मीठ आणि ग्लुकोज कमी करून २४५ वर आणल्यावर मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी, उलट्या सुमारे ३० टक्क्यांनी आणि सलाईन लावायची वेळ येण्याचं प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं. त्यानंतर २००२ मध्ये नव्या सूत्राची शिफारस झाली.

१९७१ चं बनगाव आणि सलाईन संपलेलं हॉस्पिटल

तत्त्व कळलं होतं, ढाका आणि कोलकात्यात रुग्णांवर चाचण्याही झाल्या होत्या. तरी कॉलरावर खरा उपचार म्हणजे शिरेतून सलाईन, हाच डॉक्टरांचा विश्वास होता. साखर-मिठाचं पाणी पाजून कॉलरा बरा होतो, हे पटायला मोठी परीक्षा लागणार होती.

ती आली १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. सीमेजवळच्या बनगावच्या हॉस्पिटलमध्ये खाटा संपल्या, रुग्ण जमिनीवर पडलेले. तिथे डॉ. दिलीप महालनबिस काम करत होते. सलाईनचा साठा संपत आला आणि ते लावायला प्रशिक्षित माणसंही पुरेशी नव्हती.

महालनबिस यांनी एक निर्णय घेतला. मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज ठरलेल्या प्रमाणात मोजून पाकिटं भरली. ते पाण्यात मिसळून नळ लावलेल्या ड्रममध्ये ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं की पेले भरा आणि पाजत राहा. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला.

डॉक्टर-नर्सशिवाय, घरच्या माणसांच्या हातानं हा उपचार होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झालं. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं सोडियम-ग्लुकोजच्या जोडीचा शोध हा कदाचित या शतकातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध असल्याचं म्हटलं. महालनबिस यांचं ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन झालं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

मग टेट्रापॅकचं काय झालं?

खरं ओआरएस हे औषध आहे. नावात 'ओआरएस' असलेली पेयं मात्र खाद्यपदार्थ म्हणून विकली जात होती. त्यांच्यावर 'हे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र नाही' अशी सूचना छापली की नाव वापरायला परवानगी होती. पण बारीक अक्षरातली सूचना वाचतं कोण?

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरोधात अनेक वर्षं लढा दिला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, ही परवानगी मागे घेतली. नावाच्या पुढे-मागे काहीही जोडून पेयांवर 'ओआरएस' लिहिता येणार नाही, असा आदेश निघाला.

नाव बदललं तरी पेय तेच असू शकतं. त्यामुळे पाकिटाच्या मागे पाहायची सवय लावा. 'ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स' असं लिहिलंय का? वर दिलेले चार घटक आहेत का? एक लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आहे का? असेल तर ते खरं ओआरएस.

घरी काय करायचं?

*पाकीट कसं मिसळायचं?* पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या. एक लिटरचं पाकीट असेल तर एक लिटर, २०० मिलिलिटरचं असेल तर २०० मिलिलिटर. पाणी पिण्यायोग्य, शक्यतो उकळून गार केलेलं. अंदाजानं अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात टाकू नका, सगळं गणित बिघडतं. वरून साखर किंवा ज्यूस घालू नका. तयार केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर ओता.

*किती द्यायचं?* दर पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमचा-चमचा, हळूहळू द्या.

*पाकीट नसेल तर?* एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. गंमत म्हणजे या साखरेतून मिळणारं ग्लुकोजही ७५ मिलीमोलच्या जवळपासच येतं. फक्त मीठ जास्त पडू देऊ नका, लहान बाळाला ते धोक्याचं आहे. यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, त्यामुळे पाकीट मिळेपर्यंतची ही सोय समजा.

*पेज, ताक चालतं का?* चालतं. कोकणात आणि गोव्यात आजाऱ्याला मीठ घालून भाताची पेज देतात. भातातल्या पिष्टाचं आतड्यात हळूहळू ग्लुकोज होतं, त्यामुळे कणांची एकदम गर्दी न होता सोडियमला सोबत मिळत राहते. मीठ घातलेलं ताकही चांगलं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं बंद करू नका.

*जुलाब लगेच थांबतील का?* नाही. ओआरएस जुलाब थांबवायचं औषध नाही, गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढण्याचं आहे. 'दोन पेले पाजले तरी फरक नाही' म्हणून ते सोडून देऊ नका. मुलांना यासोबत डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंकच्या गोळ्याही देतात.

*सलाईन कधी लागतं?* मूल मलूल किंवा बेशुद्ध झालं, पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होत असेल, बराच वेळ लघवी झाली नसेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका. आणि हो, मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर ओआरएसबद्दल डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात सरबतासारखं रोज प्यायचं हे पेय नाही.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात जुलाब झालेल्या दर दहा मुलांपैकी सुमारे सहा जणांनाच ओआरएस मिळालं होतं. हे पाकीट सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळतं, दुकानातही काही रुपयांत येतं. त्यातलं एखादं आजच आणून घरातल्या औषधांच्या डब्यात टाकून ठेवा.